नऊ आण्यांचे पुस्तक आणि हरवलेली बाई : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा कागदोपत्री शोध

१/
इ.स. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक लहानसे पुस्तक छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे, नाव 'स्त्री-पुरुष तुलना'. लेखिका ताराबाई शिंदे, वऱ्हाडातील बुलढाण्याच्या. स्त्रियांवरील अन्यायाची इतकी रोखठोक झाडाझडती घेणारे पुस्तक एखाद्या भारतीय स्त्रीने त्यापूर्वी क्वचितच लिहिले असेल. आज ते देशभरातील विद्यापीठांत अभ्यासले जाते. त्या बाईंच्या आयुष्याविषयी मात्र जे ठाऊक आहे, ते एका पानात मावते.

ते एक पान कोणकोणत्या कागदांतून जुळवले गेले, आणि त्याच जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातल्या अनाम बाईचा माग काढायचा झाला तर तेच कागद काय सांगतात, याचा हा थ्रेड.

२/
आरंभ एका खेड्यापासून करणे सोयीचे. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात धामणगाव बढे आहे. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याची पहिली परीक्षा गावाच्या नावापाशीच होते. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे आहे, धामणगाव गढी आहे. पूर्वीच्या अहमदनगरकडे, अकोले तालुक्यात धामणगाव आवारी आहे. आजी 'धामणगावची' होती एवढेच घरात ठाऊक असेल, तर शोध चुकीच्या जिल्ह्यात वर्षभर भटकू शकतो. नावापुढचा 'बढे' हा शब्द म्हणजे या शोधातला पहिला दस्तऐवज.

३/
दुसरी परीक्षा राजवटीची. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. सार्वभौमत्व मात्र नावापुरते निजामाचेच राहिले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर तो भाग मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. आजचा मोताळा तालुकाही पूर्वी मलकापूर तालुक्याचा भाग होता.

म्हणजे एखादे कुटुंब शंभर वर्षे एकाच घरात राहिले, तरी त्याच्या कागदांचे मालक बदलत गेले. कोणत्या वर्षी कोणती कचेरी होती, हे कळल्याशिवाय दप्तर मागता येत नाही.

४/
खेड्यातील सामान्य माणूस कागदावर कुठे भेटतो? मुख्यतः पाच ठिकाणी.

• जन्म-मृत्यूची नोंदवही. विदर्भात तिला 'कोतवाल बुक' म्हणतात.
• जमिनीचे कागद : मोजणीची पत्रके, खासरा, फेरफार, पुढे सातबारा.
• शाळेतील दाखल-खारीज रजिस्टर.
• तीर्थपुरोहिताची वही : त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया.
• भाटांनी सांगितलेली वंशावळ आणि घरातल्या आठवणी.

यांतील प्रत्येक साधनाला स्वतःची नजर आहे. कोतवालाला जीव मोजायचे असतात, तलाठ्याला सारा, गुरुजींना हजेरी आणि पुरोहिताला यजमानाचे कूळ. माणसाचे चरित्र लिहावे हा हेतू यांपैकी कोणाचाच नव्हता.

५/
तरीही एकेक ओळ किती मोलाची ठरते, याचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाच्या प्रवेशाची नोंद झाली. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. रजिस्टर भरणाऱ्याच्या दृष्टीने ती दिवसभरातील अनेक नोंदींपैकी एक होती. आज त्याच तारखेला महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस साजरा होतो. नोंद करणाऱ्याला तिचे मोल ठाऊक नसते. ते पुढच्या पिढ्या ठरवतात.

६/
आता कोतवाल बुकाकडे. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. ओळीत तारीख, अपत्य मुलगा की मुलगी, बापाचे नाव, जात. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण. तापाने, पटकीने, देवीने, प्लेगने. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांच्या काळातील पाने वेगळी ओळखू येतात. दुसरा दुष्काळ विक्रम संवत १९५६ मध्ये पडला, म्हणून लोकांच्या तोंडी तो 'छप्पन्या' झाला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा देशातील सर्वांत जबर तडाखा ज्या प्रांतांना बसला, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाडाची गणना होते.

'आजोबा छप्पन्यात जन्मले' या घरगुती वाक्याला या वह्यांत तारीख सापडू शकते. आठवण आणि कागद एकमेकांना आधार देतात, ते असे.

७/
परंतु आजोबांच्या जागी आजी ठेवून पाहा. जन्म नोंदवताना मुलाचे बारसे झालेले नसते. म्हणून नोंद पुष्कळदा 'मुलगी' एवढ्याच शब्दावर थांबते, पुढे बापाचे नाव. आईचे नाव नाही. म्हणजे जन्म देणारी आणि जन्म घेणारी, दोघीही त्या ओळीत अनाम.

जमिनीच्या कागदात तिचे नाव यायचे तर ती विधवा असावी लागे, किंवा अज्ञान मुलाची पालनकर्ती. शाळेच्या रजिस्टरात ती नाही, कारण बहुतेक खेड्यांत मुलींसाठी शाळाच नव्हती. वंशावळीत तर शाखा फक्त मुलग्यांच्या. मुलगी ही तिथे फांदीच धरली जात नाही.

८/
त्यात भर नावबदलाची. लग्नात आडनाव तर बदलेच, अनेक समाजांत पाळण्यातले नावही बदले. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. एकच स्त्री दोन गावांत दोन नावांनी नांदते, आणि त्या दोन नावांना जोडणारा कागद सहसा नसतो. जोडणारी असते ती फक्त कुणाची तरी आठवण. ती व्यक्ती गेली की दुवा तुटतो.

या पार्श्वभूमीवर ताराबाई शिंदे यांच्याकडे वळावे, म्हणजे त्यांचा माग किती अवघड वाटेने लागला हे ध्यानात येईल.

९/
ताराबाईंच्या जन्माचे साल १८५० च्या सुमाराचे मानले जाते. तेव्हा बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणेही नव्हते आणि वऱ्हाड अजून निजामाच्या अमलाखाली होते. त्यामुळे त्यांच्यापर्यंत जाणारी वाट त्यांच्या स्वतःच्या नोंदीतून निघत नाही; ती निघते वडिलांच्या नावातून.

वडील बापूजी हरी शिंदे. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. कचेरीतील माणूस, म्हणून कागदावर टिकलेला माणूस. १८७१ मध्ये त्यांनी 'हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्ज' नावाची पुस्तिका प्रसिद्ध केली. शिकलेल्या देशबांधवांना चार गोष्टी सुनावणारा हा गृहस्थ पुढे सत्यशोधक समाजाच्या वर्तुळात दिसतो. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुले यांनी स्थापन केलेला तोच समाज.

१०/
बापूजींच्या नोकरीतून त्या घराचा काळ वाचता येतो. इंग्रजी अमलाबरोबर वऱ्हाडात नव्या कचेऱ्या आल्या, जमीनमोजणी आली, लेखणीवर जगणारा मराठी नोकरवर्ग आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. रेल्वेमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगावच्या बाजूने पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. बुलढाणा घाटावर, लोहमार्गापासून दूर. तरी पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे आणि पुस्तके तेथवर येऊ लागली.

अशा घरात एक मुलगी वाचायला शिकली. आसपास मुलींची शाळा नव्हती. वडिलांनीच तिला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले.

११/
येथे पुराव्याची जात तपासायला हवी. बापूजींची पुस्तिका हा छापील पुरावा. त्यांची हेडक्लार्कची जागा हा कचेरीचा पुरावा. 'मुलीला घरीच शिकवले', 'ती एकुलती एक मुलगी', 'लग्न लहानपणी झाले', 'जावई घरजावई म्हणून राहिला', 'मूलबाळ नव्हते' ही माहिती मात्र घराण्याच्या आठवणीतून आलेली.

आठवणीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिचा स्वभाव ओळखावा. आठवण वर्ष विसरते आणि नाते लक्षात ठेवते. तिथी, कारण, क्रम यांत ती चुकते. पण 'जावई आमच्याकडे राहायला आला' अशी रूढीबाहेरची गोष्ट तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकते. रूढीप्रमाणे घडलेले कोणी मुद्दाम सांगत नाही.

१२/
घरजावयाचा तपशील येथे चरित्राची किल्ली ठरतो. सासरी गेलेल्या मुलीला नवे घर, नवी सासू आणि बहुधा नवे नावही मिळाले असते. ताराबाई माहेरीच राहिल्या. वडिलांचा ग्रंथसंग्रह, कचेरीतून येणाऱ्या बातम्या, सत्यशोधकांचा संपर्क, यांपासून त्या तुटल्या नाहीत. आणि पुस्तकावर त्यांनी जे आडनाव लावले, ते वडिलांचे, शिंदे.

याच एका गोष्टीमुळे बापूजी हरी शिंदे आणि ताराबाई शिंदे हा दुवा कागदावरही शाबूत राहिला. लग्नानंतर त्या नांदायला दूर गावी गेल्या असत्या, तर 'स्त्री-पुरुष तुलना' कदाचित लिहिलेच गेले नसते. आणि लिहिले गेले असते तरी लेखिकेचे घर शोधणे फार अवघड झाले असते.

१३/
आता पुस्तक. ते का लिहिले गेले, हे निश्चित सांगता येते. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून वादंग उठले. 'पुणेवैभव' या पत्राने या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवरच तोंडसुख घेतले.

बुलढाण्यात हे वाचणाऱ्या ताराबाईंनी उलट प्रश्न केला. पुनर्विवाहाची वाट बंद करणारे पुरुष, विधवेला फसवणारा पुरुष, न्याय करणारे पुरुष आणि नंतर नीतीचे धडे देणारेही पुरुषच. मग दोष एकट्या बाईच्या पदरात का?

१४/
पुस्तकाची मांडणी वकिली थाटाची आहे. स्त्री म्हणजे अवगुणांची खाण असे सांगणारे एक जुने संस्कृत सुभाषित त्या पुढ्यात घेतात आणि त्यातील एकेक आरोप उचलून पुरुषांना लावून पाहतात. साहस, कपट, अविचार, संशय. तागडीत दोन्ही बाजू घालून तोलायचे. म्हणून 'तुलना'.

भाषा मात्र वकिली नाही. ती घरातल्या, ओसरीवरच्या, भांडणाऱ्या बाईची आहे. टोमणा, म्हण, उपरोध आणि सरळ 'तुम्ही' म्हणून केलेली पुरुषांची खरडपट्टी. वऱ्हाडातील एका मराठा घरात स्त्रिया कशा बोलत, याचा १८८२ सालचा इतका जिवंत नमुना कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही.

१५/
पुस्तक हेच मग चरित्राचे साधन बनते. प्रस्तावनेत ताराबाई स्वतःचा उल्लेख मराठा घरात कोंडल्या गेलेल्या अबलेचा म्हणून करतात. वरकरणी हा विनय. पण त्यात माहिती आहे. कुलीन मराठा घराण्यांतील गोषा, बाहेरच्या जगाशी मर्यादित संबंध आणि या मर्यादेची बोच, तिन्ही त्यात आली.

आणखी एक धागा त्यांच्या वाचनाचा. त्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या कादंबऱ्या, 'मनोरमा' नाटक आणि 'स्त्रीचरित्र' यांसारख्या पुस्तकांतील स्त्रीचित्रणावर ताशेरे ओढतात. म्हणजे हे ग्रंथ त्यांच्या हाती आले होते. ग्रंथालयाची यादी उपलब्ध नसताना वाचकाच्या रागातून त्याचे कपाट असे उभे करता येते.

१६/
समकालीनांपैकी ठोस साक्ष एकाची, जोतीराव फुले यांची. १८८५ च्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख 'चिरंजीविनी' असा मायेने केला, पुस्तकाची बाजू घेतली आणि त्याच्यावर नाके मुरडणाऱ्यांना फटकारले. विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह चालवलेल्या माणसाला विजयालक्ष्मीची कथा वर्तमानपत्रातून समजून घेण्याची गरज नव्हती. असल्या किती तरी विजयालक्ष्मी त्यांच्या आणि सावित्रीबाईंच्या दाराशी आल्या होत्या.

ही साक्ष दोन गोष्टी सांगते. पुस्तक वाचले गेले होते. आणि ते झोंबले होते. सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्या पुरुषांनाही.

१७/
त्यानंतर शांतता. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. मृत्यूचे साल १९१० च्या सुमाराचे धरले जाते. म्हणजे १८८२ नंतर सुमारे २८ वर्षे ही बाई हयात होती आणि छापील जगात त्यांचा आवाज उमटला नाही.

त्याच १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आर्य महिला समाज उभारत होत्या. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकशास्त्र शिकायला अमेरिकेस निघाल्या. १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल यांनी त्यांचे इंग्रजी चरित्रही प्रसिद्ध केले. त्या दोघींमागे पत्रे, संस्था, परदेशी परिचित, छायाचित्रे असा कागदांचा मोठा साठा राहिला. घाटावरच्या बुलढाण्यात राहिलेल्या ताराबाईंमागे राहिले एक नऊ आण्यांचे पुस्तक.

१८/
तेही जवळजवळ हरवलेच होते. १९७५ मध्ये, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर ९३ वर्षांनी, स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून घोषित केलेले. घराण्यात टिकलेल्या आठवणी आणि छापील साधने यांची सांगड घालून लेखिकेच्या चरित्राची रेषा त्यांनी आखली. पुढे १९९१ च्या 'विमेन रायटिंग इन इंडिया' या संकलनात सुझी थारू आणि के. ललिता यांनी या पुस्तकातील भाग घेतला. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांनी संपूर्ण इंग्रजी अनुवाद आणि सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

जगाला ताराबाई ठाऊक झाल्या, त्या या साखळीमुळे. तिची पहिली कडी मात्र एका कुटुंबाच्या तोंडी उरलेल्या चार-दोन वाक्यांची आहे.

१९/
आता पुन्हा धामणगाव बढे. ताराबाईंच्या वयाची, त्याच सुमारास जन्मलेली एखादी मुलगी तिथेही असणारच. कुणब्याची, माळ्याची, महाराची, कोष्ट्याची. तिचे वडील हेडक्लार्क नव्हते. तिने पुस्तक लिहिले नाही. तिचा माग काढायचा तर काय हाती येईल?

भावाच्या जन्माची ओळ. नवऱ्याच्या नावावरचे शेत. मुलाच्या शाळेतील नोंद, त्यात बापाचे नाव. आणि एखाद्या पुरोहिताच्या वहीत यजमानाच्या सह्यांची रांग. या सर्व कागदांच्या मधोमध एक रिकामी जागा आहे आणि ती जागा अगदी नेमक्या आकाराची आहे. ती कोणाची मुलगी, कोणाची बायको, कोणाची आई, हे सारे कळते. ती कोण, एवढेच कळत नाही.

२०/
घराण्यांचा इतिहास लिहिण्याची परंपरा मराठीत नाही असे नाही. विसाव्या शतकात कुळवृत्तांतांची मोठी चळवळ झाली. कोकणस्थ ब्राह्मण घराण्यांनी पिढ्यांच्या याद्या, स्थलांतरे, व्यवसाय यांची जाडजूड पुस्तके काढली. त्यांत सुनांची माहेरची नावेही पुष्कळदा आढळतात. पण ही सोय लेखणी हाती असलेल्यांची. वऱ्हाडातील शेतकरी, बलुतेदार, मजूर घराण्यांसाठी कुळवृत्तांताचे काम कोतवाल बुकानेच केले, आणि त्यात आई नाही.

२१/
या वह्यांचे महत्त्व २०२३ मध्ये अचानक घरोघरी पोहोचले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील कचेऱ्यांतील गाठोडी सुटली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, पणजोबा-खापरपणजोबांची नावे शोधली जाऊ लागली. एका जुन्या शब्दावर नातवाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असू शकते, हे त्या काळात सर्वांना उमगले.

त्या शोधातही वाट एकच होती : बापाकडून बापाकडे. आईकडच्या नात्यांना त्यात किती जागा असावी, हा प्रश्न पुढे 'सगेसोयरे' या शब्दाभोवती पेटला. त्या वादाचे काहीही होवो. आईच्या बाजूचे कागद मुळात किती कमी आहेत, हे मात्र त्यातून ठळकपणे दिसले.

२२/
स्त्रीचे नाव जमिनीच्या कागदावर येण्याची तरतूद कायद्याने पुढे केली. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून मुलींना मिळालेला सहदायकीचा हक्क आणि २००५ ची देशव्यापी दुरुस्ती. बाप वारल्यावर वारस म्हणून मुलींची नावे फेरफारात चढू लागली. आणि पुष्कळ ठिकाणी पाठोपाठ हक्कसोडपत्र होऊन ती उतरूही लागली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक विलक्षण गोष्ट आढळते. अनेक घराण्यांच्या दप्तरात बहिणीचे पूर्ण नाव, वय, सासरचे गाव प्रथमच लिहिले जाते ते तिने हक्क सोडल्याच्या कागदावर. ती नोंदीत येते, ती निघून जाण्यासाठी.

२३/
११ मार्च २०२४ च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने आईचे नाव सरकारी कागदपत्रांत अनिवार्य केले. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या अपत्याचे नाव आता बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत मात्र स्वतःचे नाव, पतीचे नाव, आडनाव हीच पद्धत चालू राहिली. शंभर वर्षांनी या काळातील नोंदी उघडणाऱ्याला आई सापडेल. आईचे माहेर कदाचित सापडणार नाही.

२४/
म्हणून ज्यांच्या घरी अजून कोणी ऐंशीच्या पुढचे आहे, त्यांनी सरकारी दप्तर उघडण्याआधी एक वही उघडावी. पुढील गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात :

• आजी आणि पणजीचे पाळण्यातले नाव आणि सासरी ठेवलेले नाव, दोन्ही.
• माहेरचे आडनाव. गावाचे पूर्ण नाव, तालुक्यासह. नुसते 'धामणगाव' नको.
• माहेरच्या भावांची नावे. बहिणीचा कागद नसला तरी भावाचा असतो आणि त्यावरून घर सापडते.
• जन्म, लग्न, मृत्यू कोणत्या घटनेच्या मागेपुढे झाले : दुष्काळ, साथ, निवडणूक, पूर.
• वेगळे, रूढीबाहेरचे जे काही सांगितले जाते ते सर्व. घरजावई, पळून जाणे, भांडण, कोर्ट, शिकण्याचा हट्ट.
• प्रत्येक वाक्यापुढे सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख.

२५/
नंतर ही वही घेऊन कागदांकडे जावे. भावाच्या जन्मनोंदीवरून घर, घरावरून शेत, शेतावरून फेरफार आणि फेरफारावरून वारस. जिथे आठवण आणि कागद जुळतात तिथे तसे लिहावे. जिथे जुळत नाहीत तिथे दोन्ही शेजारी शेजारी ठेवावेत. एकाला खोटे ठरवण्याची घाई करू नये. ताराबाईंच्या जन्म-मृत्यूच्या वर्षांपुढे आजही 'सुमारे' लिहावे लागते, म्हणून त्यांचे चरित्र कमी खरे ठरत नाही.

२६/
ताराबाई शिंदे यांना वडिलांची लेखणी, माहेरचे छप्पर आणि नऊ आण्यांच्या पुस्तकाचा आधार मिळाला, तरी त्यांना परत शोधून काढायला ९३ वर्षे लागली. धामणगाव बढ्याच्या त्या मुलीला यांपैकी एकही आधार नव्हता. तिच्या पणतवंडांपैकी कोणाला तरी तिचे नाव आज आठवत असेल. पुढच्या पिढीला ते कळायचे असेल, तर ते याच पिढीत कुठेतरी लिहिले जायला हवे.